पायथन: नोंदींच्या यादीतून प्रत्येक शेतकरी एकदाच कसा काढायचा? (सेट लावला तर एरर येतोय)

कांदेबाग (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला. शेती बघतो, आणि आमच्या केळी उत्पादक गटाचं संगणकाचं सगळं काम माझ्या गळ्यात आहे, कारण "तू इंजिनिअरिंग केलंय ना".

गेल्या तीन वर्षांच्या केळी कापणीच्या नोंदी एका फाइलीत आहेत. ११,८४६ ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, गट नंबर, बाग (मृग की कांदे, म्हणजे लागवडीचा हंगाम), घड, वजन, भाव. पायथनमध्ये वाचली की एकेका ओळीची डिक्शनरी (रकान्याचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) होते आणि सगळ्यांची मिळून एक लिस्ट.

पुढच्या महिन्यात गटाचा मेळावा आहे. प्रत्येक शेतकऱ्याला एक निमंत्रण कार्ड द्यायचंय. म्हणजे एकदाच येणारी नावं हवीत. सरळ लिस्टला सेट (सारख्या गोष्टी एकदाच ठेवणारा प्रकार) लावला तर "टाइप एरर, अनहॅशेबल टाइप डिक्ट". मग नुसती नावं वेगळी काढून सेट लावला. तो चालला, उत्तर आलं ३८८. अध्यक्ष म्हणतात, आपल्याकडे साडेचारशेच्या खाली शेतकरी असणं शक्यच नाही. डोकं फिरलंय.

(इथे कोड चिकटवला की एडिटर ओळींच्या आधीची मोकळी जागा खातो, आणि पायथनमध्ये तीच गेली तर राहिलं काय? म्हणून उत्तर शब्दांत लिहिलं तरी चालेल.)

---

पांझरा | मंगळवार, रात्री ९:४०

काय भो, माले बी आसंच व्हयनं व्हतं. दोन वेगळे प्रश्न आहेत, एकेक घेऊ.

एरर का येतो? सेट म्हणजे आपल्या आजीच्या घरातल्या कोनाड्यांची भिंत समज. वस्तू आली की तिच्यावरून एक आकडा काढायचा (तोच हॅश) आणि त्या नंबरच्या कोनाड्यात ठेवायची. नंतर तीच वस्तू परत आली तर अख्खी भिंत शोधायची गरज नाही, तेवढा एकच कोनाडा बघायचा. पण वस्तू आत ठेवल्यावर बदलली तर तिचा आकडाही बदलणार, मग ती सापडणार कशी? डिक्शनरी आणि लिस्ट कधीही बदलता येतात, म्हणून पायथन त्यांना कोनाड्यात घेतच नाही. स्ट्रिंग (मजकूर), आकडा आणि टपल (न बदलणारी लिस्ट) बदलत नाहीत, ते चालतात. (टपलच्या पोटात लिस्ट असेल तर मात्र तोही नाही.)

दुसरा प्रश्न ३८८ चा. तू फक्त नाव घेतलंस. रावेर तालुक्यात "सुनील पाटील" किती असतील याचा विचार केलास का? ते सगळे मिळून एक झाले.

म्हणून आधी ठरव की दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत हे तू कशावरून म्हणणार. त्याची किल्ली बनव. मग असं:

पाहिलेल्या = रिकामा सेट
निकाल = रिकामी लिस्ट
प्रत्येक नोंद घे:
— किल्ली = (नाव, गाव) असा टपल
— किल्ली पाहिलेल्यांत नसेल तर:
—— ती पाहिलेल्यांत टाक
—— नोंद निकालात जोड

अख्खी नोंद हातात राहते, म्हणजे कार्डावर टाकायला गाव आणि मोबाईलही मिळतो. क्रमही मूळ यादीचाच.

---

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री ९:५८

एवढी मेहनत कशाला? पांडाज (तक्त्यांच्या कामाची पायथनची लायब्ररी) टाक, ड्रॉप डुप्लिकेट्स म्हण, सबसेटमध्ये नाव आणि गाव दे. एका ओळीत काम. झोपा आता.

---

पांझरा | मंगळवार, रात्री १०:०५

@भुसावळ_जंक्शन, चालेल की. पण पांडाज न सांगता पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या टाकतं. ह्याच्या फाइलीत तीन वर्षांच्या नोंदी आहेत. पहिली ओळ म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा मोबाईल नंबर. कीपमध्ये लास्ट (म्हणजे शेवटची ओळ ठेव) द्यायला हवं, आणि त्याआधी तारखेने लावून घ्यायला हवं. नाहीतर फोन लागणार दुसऱ्यालाच.

साध्या पायथनमध्येही ही सोय आहे. सेट न वापरता डिक्शनरी घ्यायची, किल्ली तीच, किंमत म्हणून अख्खी नोंद. तारखेच्या क्रमाने टाकत गेलं की नवी नोंद जुनीला झाकते आणि शेवटी प्रत्येकाची ताजी ओळ उरते. डिक्शनरी टाकल्याचा क्रम सांभाळते. ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, तशी पायथनची हमीच आहे. सेटला अशी हमी नाही, हे बरेच जण विसरतात आणि मग "काल यादी वेगळ्या क्रमाने आली होती" म्हणून डोकं धरतात.

---

सातपुडा_सर | बुधवार, सकाळी ७:२०

सुप्रभात. शहाद्याला मुलांना शिकवतो, म्हणून एक भर.

जावास्क्रिप्टवाले विद्यार्थी इथे वेगळ्याच खड्ड्यात पडतात. तिथे सेट २०१५ च्या आवृत्तीपासून आहे आणि त्यात ऑब्जेक्ट टाकले तर एरर येत नाही. गुपचूप चालतं, आणि एकही डुप्लिकेट निघत नाही. कारण तिथे दोन ऑब्जेक्ट आतून हुबेहूब असले तरी ते दोन वेगळे समजले जातात. एकाच साच्यातून काढलेल्या दोन विटा दिसायला सारख्या असल्या तरी विटा दोनच, तसं. मला विचाराल तर पायथनचा एरर बरा. निदान तोंडावर सांगतो.

एसक्यूएलमध्येही (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) मुलं हमखास चुकतात. "सिलेक्ट डिस्टिंक्ट गाव, भाव" लिहितात आणि गावं एकेकदाच येतील अशी वाट बघत बसतात. डिस्टिंक्ट पहिल्या रकान्याला लागत नाही, निवडलेल्या सगळ्या रकान्यांच्या जोडीला लागतो. रावेर १,२०० भावाने एकदा आणि रावेर १,३५० भावाने एकदा, अशा दोन ओळी येणारच.

---

कांदेबाग (धागाकर्ता) | बुधवार, दुपारी १:३०

नाव आणि गाव अशी किल्ली केली. आता ६१२ आले! आधी कमी होते, आता जास्त. अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, "दीडशे लोक कोठून आणले, बऱ्हाणपूरहून?"

आत्ता बाहेर उन्हाचा तडाखा असा आहे की लॅपटॉपही घाम पुसतोय. जरा कुणीतरी सांगा काय चुकतंय.

---

तापीपूर्णा | बुधवार, दुपारी २:१५

माहेर धुळ्याचं, सध्या पुण्यात डेटाबेसचं काम करते. एक साधी गोष्ट कर. ह्या ६१२ किल्ल्या गावाप्रमाणे आणि मग नावाप्रमाणे क्रमाने लाव आणि स्क्रीनवर काढून डोळ्यांनी वाच. कोड बाजूला ठेव. पहिली पन्नास नावं वाचलीस तरी रोग कळेल.

---

जुना_कारकून | बुधवार, दुपारी ३:०२

ताई बरोबर बोलल्या. आमच्या नोकरीत संगणक नव्हता तेव्हा असंच करायचो. मतदार असोत नाहीतर खातेदार, पत्रकं आधी वर्णानुक्रमे लावायची आणि मग शेजारी-शेजारी बघत जायचं. दुबार नाव असेल तर शेजारीच सापडतं. लांब कुठे शोधायला जावं लागत नाही.

---

पांझरा | बुधवार, दुपारी ३:१०

काका, लिनक्सवर हेच चालतं! तिथे "युनिक" नावाची आज्ञा फक्त लगतच्या सारख्या ओळी काढते, म्हणून आधी "सॉर्ट" करावं लागतं. सॉर्ट विसरलं की अर्ध्याच डुप्लिकेट निघतात. तुमची पत्रकं आणि ती आज्ञा एकाच घरातली.

---

कांदेबाग (धागाकर्ता) | बुधवार, संध्याकाळी ६:४८

वाचली. लाज वाटली. थोडी उदाहरणं देतो, नावं बदलून:

"सुनील पाटील" आणि "सुनिल पाटील". एकच माणूस, दोन वर्षं दोन वेगवेगळ्या पोरांनी टाइप केलेला.

"फैजपूर" आणि "फैजपुर". "चिनावल" आणि "चिनावल " (शेवटी स्पेस).

"बाळासाहेब" ह्यांचं एका ठिकाणी अधिकृत नाव, दुसऱ्या ठिकाणी "बाळूभाऊ". इथे संगणक काय करणार?

पण ज्याचं कोडं सुटत नाही ते वेगळंच आहे. आमच्याकडे बऱ्हाटे आडनावाची बरीच घरं. यादीत एकाच माणसाच्या दोन ओळी आहेत, आणि दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर सारख्या दिसतात. स्पेस नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. मोठं करून पाहिलं, दोनदा पाहिलं. तरी पायथन म्हणतं दोन्ही वेगळ्या. हे भूत काय आहे?

---

तापीपूर्णा | बुधवार, रात्री ८:३०

हे भूत माझ्या ओळखीचं आहे! दोन्ही शब्दांची लांबी मोजून बघ. पैज लावते, एक ७ आणि दुसरा ८ येईल.

---

कांदेबाग (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ८:३४

जमनं! ७ आणि ८. तुम्हाला कसं कळलं?

---

तापीपूर्णा | बुधवार, रात्री ९:१०

कारण हा खास आपला मराठी रोग आहे. सावकाश सांगते, कारण इंग्रजीतल्या लेखांत तो सहसा सापडत नाही.

"ऱ्ह" आणि "ऱ्य" मधला तो आडवा, पापणीसारखा र लिहायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एक म्हणजे नुक्त्याचा र, म्हणजे ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ०९३१ क्रमांकाचं अक्षर), त्याला हलन्त आणि पुढे ह: बऱ्हाटे. सात चिन्हं. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग "झिरो विड्थ जॉइनर" हे न दिसणारं चिन्ह, पुढे ह: बर्‍हाटे. आठ चिन्हं. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर फाइलीत काय उतरेल ते ठरतं. एका पोराने मोबाईलवर टाइप केलं असेल, दुसऱ्याने जुन्या कीबोर्डवर.

तुझ्या अध्यक्षांचं बऱ्हाणपूरही असंच दोन प्रकारे लिहिलेलं सापडेल. आणि शेतात पऱ्हाटी असेल तर तीही.

आता कुणीतरी म्हणेल, युनिकोडचं नॉर्मलायझेशन लाव, एनएफसी रूप कर. ते लावच, पण त्याने हे भूत उतरत नाही. एनएफसी काय करतं? साधा र आणि सुटा नुक्ता असे दोन तुकडे असतील तर जोडून एक ऱ करतं. पण जॉइनरवाला र आणि नुक्त्याचा र एकच आहेत असं युनिकोड मानतच नाही. ते तुलाच करावं लागेल: र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त. क्रम मात्र सांभाळ. आधी हा बदल, मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाकणं. उलट केलंस तर जॉइनर उडाला की "बर्‍हाटे" चा "बर्हाटे" होतो, रफार डोक्यावर चढतो, आणि एकाच्या जागी तीन बऱ्हाटे होतील.

असंच "ॲ" चं. एक चिन्ह (०९७२), किंवा अ वर चंद्र, दोन चिन्हं. एनएफसी ह्यालाही हात लावत नाही. दुकानांच्या नावात "ॲग्रो" असतं ना, तिथे हमखास.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री ९:२२

मी पाच वर्षं डेटाचं काम करतो आणि हे मला आज कळतंय. शेवभाजी माझ्याकडून.

---

सातपुडा_सर | गुरुवार, सकाळी ७:०५

ताईंनी अवघड भाग उरकला. मी सोपे पण नडणारे सांगतो.

स्ट्रिप लावलं की दोन्ही टोकांच्या स्पेस जातात. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते, तीही पायथनचा स्ट्रिप काढतो. एक्सेलचा ट्रिम मात्र काढत नाही, त्यामुळे "एक्सेलमध्ये ट्रिम केलं होतं" ह्यावर विश्वास ठेवू नका. मधल्या दुहेरी स्पेससाठी स्प्लिट करून परत जॉइन करा.

मोबाईल नंबरात कुणी +९१ लावतं, कुणी ० लावतं, कुणी मधे स्पेस देतं. आकडे सोडून सगळं काढा आणि शेवटचे दहा घ्या. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे तुलनेत वेगळे धरले जातात, तेही एका पद्धतीत आणा.

आणि गट नंबर! एक्सेलमध्ये १२/१ टाइप केलं की त्याची तारीख होते. १२ जानेवारी. आमच्याकडे एका यादीत अर्धं गाव जानेवारीत राहत होतं. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा लागतो.

---

जुना_कारकून | गुरुवार, सकाळी ९:४०

गट नंबर किल्लीत घेऊ नका, एवढंच सांगायला आलो. गट नंबर जमिनीचा असतो, माणसाचा नाही. एका सातबाऱ्यावर चार भाऊ सामाईक असतात, आणि एका भावाचे तीन गट असतात. माणसाच्या जवळचं काही हवं असेल तर ८अ चा खाते क्रमांक बघा. तोही गावापुरताच खरा, दुसऱ्या गावात तोच क्रमांक दुसऱ्याचा.

---

नवं_खातं_७ | गुरुवार, सकाळी १०:१५

आधार नंबर घ्या ना सगळ्यांचा. विषय संपला.

---

तापीपूर्णा | गुरुवार, सकाळी १०:३१

@नवं_खातं_७, निमंत्रण कार्डासाठी लोकांचे आधार नंबर एक्सेलमध्ये भरून पेनड्राइव्हवर फिरवायचे? नको. गरज नसलेली गोष्ट गोळा करायची नाही, मग ती हरवतही नाही.

शिवाय, नंबर असला म्हणजे भागलं असं नाही. एक्सेल आकड्यातले पंधराच अंक नीट सांभाळतं. आधार बारा अंकी आहे म्हणून वाचतो, पण बँक खातं सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि शेवटच्या अंकाने वेगळी असलेली दोन खाती एक होतात. टेक्स्ट म्हणून ठेवलं तरी काउंटइफने (एक्सेलचं मोजणी करणारं सूत्र) डुप्लिकेट शोधायला जाल तर ते त्यांना आकडे समजून पंधरा अंकांपर्यंतच जुळवतं. केळीचे पैसे ह्याच्याऐवजी त्याच्या खात्यात जायला एवढं पुरतं.

---

पांझरा | गुरुवार, दुपारी १२:२०

"सुनील" आणि "सुनिल" साठी जवळची स्पेलिंग जुळवणारं काहीतरी वापरावं म्हणतो. लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात त्याचा आकडा. अंतर १ असेल तर एकच माणूस धर.

---

तापीपूर्णा | गुरुवार, दुपारी १२:४४

सुनील आणि सुनिल: अंतर १. एकच माणूस.
सुनील आणि सुशील: अंतर १. दोन सख्खे भाऊ, एकाच घरात, एकच मोबाईल.

कर आता एक.

---

पांझरा | गुरुवार, दुपारी १२:४६

😶

---

तापीपूर्णा | गुरुवार, दुपारी १:१०

चिडवत नाहीये रे. ते अंतर वापरायचंच, पण निर्णय घ्यायला नाही, संशयितांची यादी काढायला. "ह्या जोड्या जवळच्या वाटतात" एवढं संगणकाने सांगायचं, आणि हो की नाही हे गावातल्या माणसाने. साठ-सत्तर जोड्या असतील, अध्यक्ष चहा पिता पिता सांगतील.

गावाच्या नावाबाबत तर आणखी जपून. खुर्द आणि बुद्रुक कुणी "खु." लिहितं, कुणी "खु॥", कुणी पूर्ण. उत्साहाच्या भरात हे शेपूटच कापून टाकलं तर दोन गावं एक होतात. आपल्याकडे काही गावांपुढे "प्र." लावून जुन्या परगण्याचं अक्षर असतं, ते उगाच नसतं. त्याच नावाचं दुसरं गाव पंचक्रोशीत आहे म्हणून असतं. उलट, नंदुरबारकडचा अक्राणी तालुका आणि धडगाव तालुका हे मात्र एकच, लोक दोन्ही नावं लिहितात. मुक्ताईनगरला म्हातारी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. कुठला नियम लावून हे कळेल? नाही कळत. त्यासाठी एक छोटा तक्ता ठेवायचा: डावीकडे जसं लिहिलंय तसं, उजवीकडे आपण मानलेलं एकच नाव. गावांसाठी जनगणनेचा सहा आकडी कोडच उजवीकडे ठेवलास तर आणखी चांगलं.

आणि मूळ ओळ कधीच पुसू नकोस. शेजारी "शेतकरी क्रमांक" असा नवा रकाना कर आणि त्यात भर. चुकलं तर क्रमांक बदलता येतो. पुसलेली ओळ परत येत नाही.

---

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, दुपारी ३:३३

मला एक विचारायचंय. एवढा काटेकोरपणा कशासाठी? कार्डच तर आहे. दोन-चार जास्त छापली तर काय फरक पडतो?

---

जुना_कारकून | गुरुवार, दुपारी ४:१५

जास्त छापली तर काहीच नाही. एखादं कमी छापलं तर बघा काय होतं.

एका गावात (नाव सांगत नाही) कार्यक्रमाच्या यादीत एकाच नावाचे दोघे होते. लिहिणाऱ्याला वाटलं दुबार आहे, एक खोडलं. ज्याचं खोडलं तो माणूस आजतागायत त्या घरी पाणी पीत नाही. त्याला अठरा वर्षं झाली.

---

तापीपूर्णा | गुरुवार, दुपारी ४:४०

काका, हेच मी ऑफिसात नव्या पोरांना सांगते, फक्त इतकं छान उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

@कांदेबाग, काकांचं वाच आणि तुझी किल्ली त्यावरून ठरव. कार्डासाठी संशय आला तर दोन माणसं धर. एक कार्ड वाया जाईल, नातं जाणार नाही. उद्या ह्याच फाइलीवरून अनुदानाची किंवा पैशाची यादी करायची वेळ आली तर ही किल्ली चालणार नाही. तिथे एकाला दोनदा गेलेला पैसा परत मागताना तोंड कडू होतं, आणि दोघांना एक धरलं तर एकाचा हक्क बुडतो. तिथे संशयाला जागाच ठेवायची नाही, प्रत्येक जोडी माणसाने तपासायची.

---

कांदेबाग (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:०२

उशीर झाला, परवापासून कांदेबागेची कापणी चालू आहे. ट्रक उभा असला की पायथन सुचत नाही.

आकडे सांगतो. नुसतं नाव: ३८८. नाव आणि गाव, काहीही साफ न करता: ६१२. स्पेस, जॉइनर, ऱ, ॲ, आकडे हे सगळं साफ केल्यावर: ५३४. म्हणजे ७८ "शेतकरी" नुसत्या न दिसणाऱ्या चिन्हांचे आणि मोकळ्या जागांचे होते! गावांचा तक्ता लावल्यावर ५०१.

मग जवळच्या जोड्यांची यादी काढली. ५७ जोड्या निघाल्या. छापून अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि वीस मिनिटांत सगळ्या उडवल्या. हा एकच. हे दोघे भाऊ. हा मामा, हा भाचा. "हा एकच आहे पण दोघांना पाठव, त्याची दोन घरं आहेत." ह्या शेवटच्यासाठी कुठलं फंक्शन असेल तर कळवा.

३८ जोड्या एकच माणूस निघाल्या, १९ खरोखर दोन. अंतिम आकडा ४६३. अध्यक्ष म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

वेगाचंही सांगतो. पांझराभाऊंनी सेट का सांगितला ते मला आधी नीट समजलं नव्हतं, म्हणून एकदा मुद्दाम लिस्टमध्येच शोधत बसलो. आमच्या डेटाला फरक जाणवला नाही. पण हिशोब केला तर वाईटात वाईट ११,८४६ गुणिले ६१२, म्हणजे ७२ लाखांहून जास्त तुलना. अख्ख्या जिल्ह्याची यादी असती तर संगणक घाम पुसत बसला असता. सेटला एका ओळीमागे एकच कोनाडा बघायचाय.

---

पांझरा | शनिवार, रात्री १०:११

इतलं सोपं शे ते, आणि आम्ही तीन दिवस खपलो. 🙂 रिकाम्या मोबाईलचं काय केलंस? पांडाजमध्ये रिकामी जागा नॅन ("इथे आकडा नाही" अशी खूण) होते. नॅन स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे साध्या सेटमध्ये दहा वेगळे नॅन दहा वेळा बसू शकतात. ड्रॉप डुप्लिकेट्स मात्र त्यांना एकच धरतं, म्हणजे मोबाईल किल्ली असेल तर मोबाईल नसलेले सगळे मिळून एक शेतकरी!

---

कांदेबाग (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१९

मोबाईल किल्लीत घेतलाच नाही, त्यामुळे वाचलो. आमच्याकडे एका मोबाईलवर अख्खं कुटुंब असतं.

एक राहिलं. कार्डांवर नावं छापून आली, काल वडिलांसोबत गावाप्रमाणे गठ्ठे लावत होतो. आमच्याच घराची दोन कार्डं निघाली. बाबा म्हणाले, "हे काय रे, आपल्या घरी दोन-दोन कार्डं कायले?"

एक त्यांच्या नावाचं. दुसरं आजोबांच्या. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. पण शेतावर वारसाची नोंद अजून झालेली नाही, म्हणून माल जातो तो त्यांच्याच नावाने, गेल्या महिन्यापर्यंत. अध्यक्षांना हे माहीत असणारच. ५७ जोड्यांत ही जोडी नव्हती, कारण नावं अगदी वेगळी आहेत. पण त्यांनी अख्खी यादी वाचली होती. काही बोलले नाहीत.

बाबांनी कार्ड थोडा वेळ हातात धरलं आणि गठ्ठ्यात परत ठेवलं.

आकडा ४६३ च ठेवला आहे.

---

जुना_कारकून | रविवार, सकाळी ८:००

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या, फेरफार होईल. घाई नाही, पण द्या.

---

भुसावळ_जंक्शन | रविवार, सकाळी ९:२५

दोन याद्यांपैकी एकीत आहे आणि दुसरीत नाही अशी नावं काढायची असतील तर? मागच्या मेळाव्याला कोण आलं नव्हतं ते बघायचंय.

---

पांझरा | रविवार, सकाळी ९:३१

सेटची वजाबाकी. पण आधी दोन्ही याद्यांमधले बऱ्हाटे मोज, आणि नवीन धागा काढ.